दिसणारी, पण वाचता न येणारी माहितीपुस्तिका : एका मराठी पीडीएफचे प्रकरण

बारावीच्या निकालानंतरच्या आठवड्यात विदर्भातील एका अनुदानित महाविद्यालयाने आपली प्रवेश माहितीपुस्तिका संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात ठेवली. ५२ पाने, रंगीत मुखपृष्ठ, आत अभ्यासक्रमांची यादी, शुल्काचे तक्ते, वसतिगृहाचे नियम आणि शेवटी प्रवेश अर्जाचा नमुना, असे तिचे नेहमीचे रूप होते. कला शाखेत प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या, जन्मापासून दृष्टिहीन असलेल्या एका विद्यार्थिनीने ती लॅपटॉपवर उघडली. ती एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर (पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली) वापरते आणि बारावीपर्यंतचा बराचसा अभ्यास तिने त्याच्याच आवाजात केलेला आहे. या पुस्तिकेत मात्र तिला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही मराठी वाक्य ऐकू आले नाही. तिने कार्यालयात फोन केला तेव्हा लिपिकांनी अगदी आपुलकीने सांगितले, ‘पुस्तिका तर एकदम स्वच्छ दिसते आहे बेटा, परत एकदा डाउनलोड करून बघ.’ तिने परत डाउनलोड करून पाहिली. दोन दिवसांनी त्याच महाविद्यालयातील एका प्राध्यापिकेने ती फाइल माझ्याकडे पाठवली. दस्तऐवज सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येतील असे, करण्याचे काम मी काही वर्षे करत असल्यामुळे त्यांना माझे नाव कोणीतरी सुचवले होते. महाविद्यालयाची बदनामी व्हावी असा हेतू कोणाचाच नसल्याने त्याचे नाव येथे दिलेले नाही. शिवाय हीच गोष्ट महाराष्ट्रातील इतर कितीतरी संस्थांच्या फाइलींबाबत जशीच्या तशी सांगता येईल.

फाइलच्या पोटात काय होते

फाइल थेट छापखान्यातून आलेली होती. मजकूर कृतिदेव या फाँटमध्ये टंकलेला आणि पेजमेकर या पानमांडणीच्या प्रणालीवर जुळवलेला होता. डीटीपीच्या, म्हणजे संगणकावरील अक्षरजुळणीच्या, धंद्यातील माणसाला यात काहीच वावगे वाटणार नाही, कारण कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी, सुरेख अशा फाँटांवर छपाईची एक अख्खी पिढी पोसली गेली आहे. या फाँटांमागची युक्ती तशी साधी होती. संगणकाला रोमन अक्षरांचेच संकेत कळत असण्याच्या काळात रोमन ‘ई’च्या जागी ‘म’चे चित्र बसवले गेले, ‘जी’च्या जागी ‘ह’चे आणि ‘के’च्या जागी कान्याचे. पडद्यावर आणि कागदावर देवनागरी उमटते. फाइलमध्ये साठवलेली असते ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची रांग. ‘महाविद्यालय’ हा शब्द कृतिदेवमध्ये ई, जी, के, एफ, ओ, उभी रेघ, के, वाय आणि अर्धविराम अशा नऊ खुणांनी तयार होतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याची त्या खुणांशी कधी गाठ पडत नाही. स्क्रीन रीडर चित्र पाहत नाही, तो साठवलेले संकेत वाचतो, आणि म्हणून या विद्यार्थिनीला सलग ऐकताना उच्चारताच न येणारे काहीतरी ऐकू आले. तिने उजव्या बाणाची कळ दाबत एकेक अक्षर ऐकले, तेव्हा हीच नऊ नावे एकामागून एक आली आणि फाइल बिघडली आहे अशी तिची समजूत झाली.

या अडचणीवरचा उपाय नवा नाही. जगातील लिप्यांना स्वतंत्र संकेत देणाऱ्या युनिकोड या मानकाची पहिली आवृत्ती १९९१ साली आली तेव्हापासून त्यात देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत आहेत. परंतु पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मधील आहे आणि तिला युनिकोड कळत नाही. छापखान्यांनी पेजमेकर सोडला नाही आणि कार्यालयांनी छापखाना सोडला नाही, इतकेच या दिरंगाईचे स्पष्टीकरण आहे.

पुस्तिकेतील सात पाने याहूनही वाईट अवस्थेत होती. शुल्काचे परिपत्रक आणि आरक्षणाचे नियम या पानांवर मूळ कागद स्कॅन करून चिकटवलेले होते. तेथे फाइलमध्ये चुकीची अक्षरेसुद्धा नव्हती, केवळ छायाचित्र होते, त्यामुळे स्क्रीन रीडर त्या पानांवर गप्प राहत असे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांनी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखून ठेवायच्या असतात. ही माहिती पुस्तिकेत होती, आणि ती नेमकी या गप्प पानांपैकी एकावर होती.

काम सुरू करण्यापूर्वी मी एक प्रयोग केला. मूळ पीडीएफला ॲक्रोबॅट या पीडीएफच्या प्रणालीत आपोआप टॅग (मथळा, परिच्छेद, तक्ता अशा रचनेच्या खुणा) लावले, दस्तऐवजाचे शीर्षक आणि भाषा या दोन चौकटी भरल्या आणि त्याच प्रणालीतील सुगम्यता तपासणी चालवली. अक्षरसंकेतांच्या चाचणीत कृतिदेवची पाने उत्तीर्ण झाली. कारण उघड आहे : त्या पानांवरील प्रत्येक खुणेला वैध रोमन संकेत होता, आणि ‘ईजीकेएफओ’ हा कोणत्याच भाषेतील शब्द नाही हे ओळखणे त्या चाचणीच्या कामात बसत नाही. सुगम्यतेविषयीची बहुतेक मार्गदर्शक टिपणे टॅग, हेडिंग आणि चित्रांचे पर्यायी मजकूर येथून सुरू होतात, कारण ती लिहिणाऱ्यांच्या भाषेत अक्षर हे अक्षरच असते असे गृहीत धरलेले असते. मराठीत ते गृहीत धरता येत नाही, आणि माझ्या मते आपल्याकडे बाकी सगळ्या उपायांपूर्वी ‘फाइलमधील अक्षरे खरोखर देवनागरी आहेत का?’ हा एकच प्रश्न विचारला गेला पाहिजे.

कायद्याची बाजू

प्राचार्यांनी पहिल्याच बैठकीत ‘हे बंधनकारक आहे का?’ असे विचारले, आणि प्रश्न रास्त होता. वर उल्लेख केलेला अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. ध्वनी, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील सर्व आशय सुगम्य स्वरूपात उपलब्ध व्हावा यासाठी शासनाने उपाययोजना करावी, असे त्याचे कलम ४२ सांगते. २०१७ च्या नियमांतील नियम १५ मध्ये संकेतस्थळावर ठेवायचे दस्तऐवज ईपब (ई-पुस्तकाचे स्वरूप) किंवा ओसीआर-आधारित (चित्रातील अक्षरे यंत्राने ओळखून घेतलेल्या) पीडीएफ स्वरूपात असावेत असे म्हटले होते. या शब्दयोजनेतील उणीव आमच्या फाइलने चांगलीच उघडी पाडली, कारण तिची ४५ पाने छायाचित्रे नव्हती, त्यांतील मजकूर निवडता येत होता, कॉपी करता येत होता, आणि तरीही तो मराठी नव्हता. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रातुरी प्रकरणात नियम १५(१) हा मूळ कायद्याशी विसंगत ठरवला; कायदा बंधनकारक मानके मागतो आणि हा नियम केवळ शिफारशींवर थांबतो, असा त्यामागचा विचार होता. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातील निकालाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्राचार्यांना मी एवढेच सांगितले की कलमांची चर्चा सावकाश करता येईल, प्रवेशाची अंतिम तारीख मात्र बारा दिवसांवर आली आहे.

रूपांतर आणि त्याची फसगत

पहिला मार्ग म्हणजे सगळी पुस्तिका नव्याने टंकणे आणि दुसरा म्हणजे कृतिदेवचे युनिकोड करून देणारा रूपांतरक वापरणे. वेळ पाहता दुसरा मार्ग निवडला आणि पहिल्या तासातच त्याची किंमत कळली.

मजकूर कॉपी करून रूपांतरकात टाकताना कोणता शब्द कोणत्या फाँटमध्ये होता ही माहिती गळून पडते. त्यामुळे इंग्रजीत छापलेले पदव्यांचे संक्षेप, ईमेल पत्ते आणि संकेतस्थळाचा पत्ता हेही कृतिदेवच समजून बदलले गेले. कृतिदेवमध्ये ‘बी’ म्हणजे ‘ठ’, ‘ए’ म्हणजे दंड आणि टिंब म्हणजे अर्धा ‘ण’. म्हणून रोमन लिपीत छापलेले ‘बी.ए.’ रूपांतरानंतर ‘ठण्।ण्’ असे झाले. असे सगळे तुकडे छापील प्रतीशी ताडून हाताने बदलावे लागले.

रफाराने याहून जास्त छळले. कृतिदेवमध्ये रफार अक्षरानंतर टंकला जातो, युनिकोडमध्ये ‘र्’ त्या अक्षराच्या आधी येतो, म्हणजे रूपांतरकाने त्याला उचलून मागे नेऊन ठेवायचे असते. साध्या अक्षरावर हे जमते. जोडाक्षर आले की बरेच रूपांतरक रफाराला पूर्ण जोडाक्षर ओलांडू न देता मध्येच सोडतात, आणि ‘विद्यार्थ्यांना’ याचे ‘विद्याथ्र्यांना’ होते. हा अपभ्रंश इंटरनेटवर वावरणाऱ्या मराठी वाचकाने शेकडो वेळा पाहिलेला असतो. डोळा त्याला दुरुस्त करून पुढे जातो, कानाला ती सवलत नाही. प्रवेशपुस्तिकेत हा शब्द किती वेळा येतो हे वेगळे सांगायला नको.

‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांचा घोळ तर थेट अर्थालाच भिडला. वसतिगृहाच्या नियमांत भोजनगृहातील आचाऱ्यांना विद्यार्थ्यांनी परस्पर सूचना देऊ नयेत असे एक कलम होते. रूपांतरानंतर ती मनाई आचार्यांच्या बाबतीत लागू झाली. शुद्धलेखनाची कोणतीही तपासणी ही चूक पकडणार नाही, कारण दोन्ही शब्द शुद्ध आहेत. ती सापडली ती प्राध्यापिका मोठ्याने वाचत असताना, आणि त्या संध्याकाळी आम्ही हसलो ते तेवढेच.

स्कॅन केलेल्या सात पानांसाठी टेसरॅक्ट या मुक्त ओसीआर प्रणालीचा मराठी संच वापरला. सरळ ओळींचा मजकूर बऱ्यापैकी निघाला. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची अदलाबदल अधूनमधून होती, ती वाक्याच्या संदर्भाने दुरुस्त करता आली. आकड्यांना संदर्भ नसतो. फिकट झेरॉक्सवरील १ आणि ९ यांत यंत्राची गल्लत होत होती, आणि शुल्काच्या तक्त्यात तशी एक चूक राहून गेली तर एखादा पालक चुकीच्या रकमेचा डिमांड ड्राफ्ट काढून बसेल. त्यामुळे शुल्काच्या दोन पानांवर ओसीआरचा नाद सोडून दिला. एकाने आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने टंकायचे आणि मग तिसऱ्याने उलट वाचून खात्री करायची, ही बँकेतल्या जुन्या पद्धतीची तपासणी आम्ही केली.

रचना

अक्षरे मराठी झाली तरी ५२ पानांचा सलग मजकूर ऐकणे ही शिक्षाच असते. डोळस माणूस पुस्तिका वाचत नाही, ती चाळतो. ठळक मथळा दिसला की थांबतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याचे चाळणे म्हणजे एका हेडिंगवरून दुसऱ्या हेडिंगवर उडी मारणे, आणि एनव्हीडीएमध्ये त्यासाठी ‘एच’ ही एक कळ पुरते, पण मथळा केवळ मोठ्या ठळक अक्षरांत असेल तर ती कळ निरुपयोगी ठरते. मथळ्याला हेडिंगची शैली लावलेली असावी लागते. आम्ही सगळा मजकूर वर्डमध्ये घेऊन विभागांना पहिल्या, उपविभागांना दुसऱ्या पातळीचे हेडिंग दिले आणि दस्तऐवजाची भाषा मराठी अशी नोंदवली. भाषा हिंदी राहिली असती तर आवाज हिंदीचा लागला असता आणि उच्चारांची नियमावलीही हिंदीची. टंकणाऱ्याला हे कधीच लक्षात येत नाही, कारण पानावर काही फरक दिसत नाही.

शुल्काचा तक्ता हा या प्रकरणातील सर्वांत अवघड भाग होता असे मी म्हणेन. मूळ तक्त्यात वर्ष, शाखा, प्रवर्ग आणि शुल्काचा प्रकार अशी चार परिमाणे एकाच चौकटीत कोंबलेली होती, अनेक घरे एकमेकांत विलीन केलेली होती आणि दोन ठिकाणी ‘वरीलप्रमाणे’ असे लिहून काम भागवले होते. डोळा वर जाऊन ‘वरील’ शोधतो. कानाने ऐकणाऱ्याला एका घरात उभे असताना ‘वरीलप्रमाणे’ ऐकू आले तर त्याने वर कितव्या घरापर्यंत जायचे? आम्ही त्या एका तक्त्याचे तीन तक्ते केले, प्रत्येक शाखेसाठी एक, विलीन घरे मोडली, प्रत्येक घरात पूर्ण रक्कम लिहिली आणि पहिली ओळ शीर्षओळ म्हणून चिन्हांकित केली. आता कंट्रोल, ऑल्ट आणि बाण यांनी घराघरांतून फिरताना स्क्रीन रीडर आधी स्तंभाचे नाव सांगतो आणि मग रक्कम. नव्या मांडणीने पाऊण पान जास्त घेतले, आणि लेखा विभागातील डोळस कर्मचाऱ्यांनीही तीच मांडणी आपल्यासाठी मागून घेतली.

उरलेल्या गोष्टी तुलनेने लवकर आटोपल्या. पानांच्या नक्षीदार किनारी सजावट म्हणून नोंदवल्या, म्हणजे स्क्रीन रीडर त्यांना वगळतो. बसस्थानकापासून महाविद्यालयापर्यंतच्या नकाशाला ‘नकाशा’ एवढाच पर्यायी मजकूर देऊन उपयोग नव्हता, म्हणून त्याखाली चार वाक्यांत रस्ता लिहिला. क्यूआर कोडच्या खाली तोच दुवा अक्षरांत दिला. महत्त्वाच्या तारखा केवळ लाल रंगाने वेगळ्या केल्या होत्या. तेथे ‘अंतिम तारीख’ असे शब्द घातले, आणि पांढऱ्यावर पिवळ्या अक्षरांतील सूचना गडद निळ्या केल्या, कारण मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ : १ इतका भेद असावा असे वेब सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते आणि मंददृष्टीच्या वाचकाला त्याखाली फारसे काही दिसत नाही.

प्रवेश अर्जावर ‘संपूर्ण नाव’ या शब्दांपुढे टिंबांची लांबलचक ओळ होती. छापील कागदावर ती लिहिण्याची जागा असते. ऐकताना ती टिंब, टिंब, टिंब अशी रटाळ मालिका होते आणि टंकायला जागा सापडतच नाही. अर्ज वेगळा काढून त्यात नाव असलेली भरण्याजोगी क्षेत्रे केली. हातांच्या हालचाली मर्यादित असलेल्या, माउस वापरू न शकणाऱ्या अर्जदारालाही आता टॅब कळीने तो पूर्ण करता येतो.

शेवटी पीडीएफ बनवताना एक जुनी सवय आडवी आली. कार्यालयात ‘प्रिंट’ करून पीडीएफ काढण्याची पद्धत होती, आणि त्या वाटेने गेलेल्या फाइलमधून हेडिंग, तक्त्यांची शीर्षके, पर्यायी मजकूर असे सगळे टॅग गळून जातात. ‘सेव्ह ॲज’ने, रचनेचे टॅग ठेवण्याची खूण लावून फाइल काढली तेव्हा ते टिकले. तरीही ऐकून पाहता काही शब्दांत ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षरापासून सुटलेली आढळली. पीडीएफमध्ये अक्षरांच्या आकृत्या पानावर मांडलेल्या असतात आणि देवनागरीतील ती वेलांटी दिसते आधी पण उच्चारली जाते नंतर, त्यामुळे आकृतीवरून अक्षराकडे परत जाताना क्रम हुकण्याची शक्यता राहते. येथे आम्ही निर्णय बदलला. मुख्य प्रत साधे वेबपान असेल, तिच्याबरोबर वर्डची फाइल उतरवून घेता येईल आणि पीडीएफ ही छापण्यासाठीची प्रत असेल, असे ठरले. पीडीएफच्या मागे लागून आणखी चार दिवस घालवता आले असते. मला ते त्या वेळी योग्य वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

ऐकून केलेली तपासणी

नव्या प्रतीची तपासणी त्याच विद्यार्थिनीने केली. तिला कोणतीही पूर्वसूचना न देता तीन कामे दिली : अंतिम तारीख शोधणे, आपल्या शाखेचे आणि प्रवर्गाचे शुल्क सांगणे, आणि अर्ज भरणे. पहिली दोन कामे तिने हेडिंगवरून उड्या मारत सहज केली. अर्जात ती एका ठिकाणी अडली. जन्मतारखेच्या तीन क्षेत्रांना आम्ही ‘दिवस’, ‘महिना’, ‘वर्ष’ अशी नावे दिली होती, पण ती जन्मतारखेची आहेत हे त्यांच्या नावांत कोठेच नव्हते, आणि वर लिहिलेले ‘जन्मतारीख’ हे शब्द टॅब कळीने फिरताना तिच्या वाटेत येत नव्हते. ‘सर, हे कशाचं वर्ष विचारताहेत? दहावी पास झाल्याचं?’ या तिच्या प्रश्नानंतर नावे ‘जन्माचा दिवस’, ‘जन्माचा महिना’, ‘जन्माचे वर्ष’ अशी केली. ॲक्रोबॅटला आणि मला, दोघांनाही ही उणीव दिसली नव्हती.

मोबाइलवर टॉकबॅक या अँड्रॉइडच्या स्क्रीन रीडरने ऐकताना वेबपान नीट वाचले गेले. तिच्यासोबत आलेल्या, आजीजवळ वाढलेल्या तिच्या मैत्रिणीने आजीला वाचता येत नसल्याने तेच पान फोनवर ऐकवून दाखवले, हा उपयोग आमच्या यादीत नव्हता. अर्ज मुदतीच्या तीन दिवस आधी दाखल झाला. त्यावर सही मात्र छापील प्रतीवरच हवी असा आग्रह राहिला आणि तेवढ्यासाठी तिला वडिलांबरोबर महाविद्यालयात यावे लागले.

पुढच्या वर्षी

दुसऱ्या वर्षीची पुस्तिका आधी युनिकोडमध्ये, हेडिंग लावलेल्या तयार साच्यात टंकली गेली आणि छापखान्याकडे नंतर गेली. छापखान्याचे मालक सुरुवातीला कुरकुरले. त्यांच्या जुळारी काकांचा हात कृतिदेवच्या कळफलकावर बसलेला होता आणि वयाच्या पन्नाशीत तो मोडायला सांगणे सोपे नव्हते. त्यावर तोडगा असा निघाला की काकांनी रेमिंग्टन पद्धतीचा युनिकोड कळफलक घ्यायचा, ज्यात बोटांच्या जागा जवळपास त्याच राहतात आणि फाइलमध्ये जाणारे संकेत मात्र देवनागरीचे असतात. दोन आठवड्यांत त्यांचा वेग पूर्ववत झाला. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी खर्चाची आणि थेट मुळापर्यंत पोहोचणारी दुरुस्ती हीच होती, आणि ती एका वर्षाने उशिरा झाली.

त्याच जून महिन्यात प्रवेशाची मुदत पाच दिवसांनी वाढवण्याचे शुद्धिपत्रक निघाले. ते टंकून, त्यावर सही आणि गोल शिक्का घेऊन, टेबलावर ठेवून मोबाइलने त्याचा फोटो काढला गेला आणि संकेतस्थळावर व विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला गेला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सहीला मान्यता दिलेली असली तरी कार्यालयाच्या लेखी शिक्का असलेला कागदच खरा होता. आता द्वितीय वर्षात असलेल्या त्या विद्यार्थिनीने गटावर ‘सर, यात काय लिहिलं आहे?’ असे विचारले, आणि लिपिकांनी फोटोखाली तोच मजकूर तीन ओळींत टंकून दिला. तेव्हापासून फोटोखाली त्या तीन ओळी टाकण्याची पद्धत त्या कार्यालयात पडली आहे.